दोन महिने झाले, आमचा चौथा शनिवार बंद आहे

जांभळं_टोपण:

नमस्कार. इतकी वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गोरेगाव पश्चिमेला राहते, वय 49. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळी सहापासून घरोघरी जाऊन सॅम्पल गोळा करायची, दहानंतर लॅबमध्ये बसायचं. आमची बिल्डिंग आधी तीन मजली होती, 24 बिऱ्हाडं, दारं दिवसभर उघडी. कोणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यातच कळायचं. रीडेव्हलपमेंट झाली आणि आता चौदा मजले, 52 फ्लॅट. लिफ्टमध्ये भेटलो की एकमेकींच्या हातातल्या पिशव्यांकडे बघून हसतो आणि मजला आला की सुटतो.

यंदाच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे 31 जणी आल्या. नेमका आकडा सांगते कारण वाणाला चहाची गाळणी आणली होती, 40 आणल्या, 9 उरल्या, अजून माळ्यावर आहेत. अत्तर, गजरा, तिळगूळ, "घर छान ठेवलंय हो", आणि पुढच्या घरी. कोणी सात मिनिटांच्या वर टेकलं नाही. त्यांचा दोष नाही, मीही दुसऱ्यांकडे तेच करते.

रक्त देताना मात्र बायका बोलतात. दंडाला पट्टा बांधून "मूठ आवळा" म्हटलं की बहुतेक जणी मान फिरवून भिंतीकडे बघतात. आणि तसं भिंतीकडे बघत बघत काय वाट्टेल ते सांगून टाकतात. मुलगा चार महिने बोलत नाहीये. हाताला गाठ लागतेय, घरी कोणाला सांगितलेलं नाही. पगार माझा पण कार्ड यांच्याकडे. तीन मिनिटांचं काम. मी कापूस दाबून धरायला सांगते तोवर बाई परत "चहा टाकू का" वर आलेली असते. यातल्या कितीतरी जणी आमच्याच बिल्डिंगीतल्या. वाटायचं, प्रत्येकीची भिंत वेगळी कशाला? समोरासमोर बसलो तर?

म्हणून फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी चार ते सहा माझ्या हॉलमध्ये जमायला लागलो. नवरा आणि मुलगा बाहेर. नियम दोनच. मोबाईल टोपलीत, आणि चहाशिवाय काही करायचं नाही. दुसरा नियम महत्त्वाचा, नाहीतर पहिलीने ढोकळा केला की तिसरी पावभाजीवर जाते आणि पाचवी "मला वेळ नाही" म्हणून गळते.

पहिल्यांदा अकरा जणी आल्या. फेब्रुवारी आणि मार्च कामवाल्या बाया, पाण्याची वेळ आणि लिफ्ट यांत गेले. एप्रिलमध्ये एकीने पाळी जातानाचं काढलं, रात्री तीनला चादर भिजते आणि शेजारी नवरा पांघरूण ओढून फॅन बंद करायला सांगतो, आणि मग सगळ्यांनाच तोंड फुटलं. सहाचे साडेसात झाले.

मे महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बोलल्या. त्यांच्या सासूबाई 84 वर्षांच्या, चार वर्षं डिमेन्शिया. रात्री दोनला उठून दाराची कडी काढतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, सुटाव्यात आता त्या. आणि मीही." डोळे नाही पुसले, चष्मा काढून पुसला. कोणाला काय बोलावं सुचेना. मी उठून चहा ठेवला.

पाचव्या दिवशी त्यांना डोंबिवलीहून नणंदेचा फोन. "आईच्या मरणाची वाट बघतेयस, हे आम्हाला बाहेरून कळावं?" त्या संध्याकाळी वहिनी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडल्या. एक अक्षर लिहिलं नाही. जूनमध्ये दोघी आल्या, जुलैमध्ये कोणीच नाही.

मला परत सुरू करायचं आहे. कसं करू? कोणी फोडलं ते शोधू का? एकीने सुचवलंय की सगळ्यांकडून कागदावर सही घ्यायची, इथलं बाहेर बोलणार नाही म्हणून.

---

पश्चिमरेल्वे_बाई:

सही वाचून हसू आलं. सोसायटीच्या मीटिंगच्या इतिवृत्तावर सह्या असतात, म्हणून काय राहतं त्यातलं गुपित?

माझं मत सांगते. तुमची जागा चुकली, माणसं नाही. मी 22 वर्षं बोरिवली ते चर्चगेट लेडीज डब्यातून जाते. आमचा आठ जणींचा ग्रुप आहे. लेडीज स्पेशल सुरू झाली 5 मे 1992 ला, चर्चगेट ते बोरिवली, आमच्यातली सगळ्यात मोठी बाई तेव्हापासूनची. त्या डब्यात मटार सोलले गेलेत, मेथी निवडली गेलीय, खंडेनवमीला झेंडूच्या माळा लागल्यात, डोहाळजेवणं झालीत. आणि एकीने अंधेरी ते दादर एवढ्यात सांगितलंय की नवरा मारतो. बाहेर गेलं नाही. का? आम्ही फार थोर आहोत म्हणून नाही. सांगणार कोणाला? माझ्या नवऱ्याला तिचा नवरा माहीत नाही. मला आठातल्या तिघींची आडनावं आजही ठाऊक नाहीत.

बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाईला एक नवरा, एक सासू आणि एक लिफ्ट आहे. तिथे बोललेलं फिरणारच. आजूबाजूच्या चार-पाच बिल्डिंगींतून दोन दोन जणी घ्या.

---

जांभळं_टोपण:

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण मला बिल्डिंगमधल्याच बायका हव्या होत्या हो. रात्री दोनला कडी वाजली तर बोरिवलीची बाई काय करणार?

---

भिशीवाली:

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. बायकांना "मनातलं बोला" असं सांगून बोलावलं की एक तर रडारड होते नाहीतर सल्ले सुरू होतात. आमची भिशी 19 वर्षं चालू आहे. बारा जणी, महिन्याला 2000, चिठ्ठी निघेल तिला 24,000. एक महिना खंड नाही, कोरोनातसुद्धा पैसे गूगल पेने फिरत होते. का, तर प्रत्येकीचे पैसे अडकलेत. पैसे अडकले की बाई येते, बाई आली की बसते, बसली की बोलते. बोलण्यासाठी म्हणून कोणी येत नसतं.

आणि हे काही मी शोधलेलं नाही. आमच्या आजी गिरणगावात खानावळ चालवायच्या, गिरणी कामगारांचे डबे. बायकांची ओळख कर्जावरून व्हायची, कोणत्या सावकाराकडे कोणी काय गहाण टाकलंय ते एकमेकींना माहीत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आधी पैसा, मग घरातलं बाकी सगळं त्याच सतरंजीवर निघालं.

तुमच्या वहिनींना बोलायचं होतं की त्यांना दोन तास झोप हवी होती, हे एकदा बघा.

---

एकटा_टायगर:

पुरुष आयडी आहे, आगाऊपणाबद्दल माफी. बायकांचं बोलणं बायकाच बाहेर नेतात असं सगळ्यांनी धरून चाललंय. आमच्या मैदानात सकाळी सहा ते सात चालणारे आम्ही नऊ जण आहोत. कोणाच्या सुनेचा पगार किती, कोणाच्या मेहुण्याचा घटस्फोट कुठवर आला, सगळं तिसऱ्या फेरीपर्यंत कळतं. एवढंच.

---

समुपदेशक_कुर्ला:

मी वस्तीपातळीवर महिलांच्या गटांबरोबर काम करते. थोडं सविस्तर लिहिते.

गटात गुपित राहावं ही काळजी सगळीकडे असते, आणि सहीने ते राहत नाही याबद्दल पश्चिमरेल्वे ताईंशी सहमत. आम्ही पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मोठ्याने बोलून घेतो: स्वतःचं घरी सांगायला हरकत नाही, दुसरीचं सांगायचं नाही. नाव न घेतासुद्धा नाही. कारण "आमच्यात एक आहे ना" म्हटलं की 52 फ्लॅटमध्ये ती एक कोण ते पाच मिनिटांत कळतं. हे दर वेळी म्हणायचं, कंटाळा आला तरी. एक अपवादही तेव्हाच सांगून ठेवायचा. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही. मारहाणीचं निघालं तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि पोलिसांकडे जायची भीती वाटत असेल तर पोलिसांच्याच जागेत बसणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला. तिथे समोर सामाजिक कार्यकर्ती असते.

दुसरं, माणसं तीच ती हवीत. या महिन्यात अकरा, पुढच्या महिन्यात वेगळ्या नऊ, असं झालं की प्रत्येक वेळी बाई नव्याने तपासत बसते, कोणासमोर बोलतेय मी.

आणि तुम्ही लिहिलंत, कोणाला सुचेना म्हणून मी चहा ठेवायला उठले. टोचून बोलत नाही, आम्हीही हे सगळं केलंय. पण बाई सगळ्यात अवघड वाक्य बोलते आणि घरधनीण आत जाते, तेव्हा ते वाक्य तिच्या मांडीवरच पडून राहतं. काही बोलायची गरज नव्हती. बसून राहायचं होतं.

वहिनींबद्दल. त्या जे म्हणाल्या ते डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीकडून मी कधी ना कधी ऐकलंय. सुनेकडून, मुलीकडून, एकदा मुलाकडूनही. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 पासून आहे, मुंबईतही काम करते, सांभाळणाऱ्यांना तिथे बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मनाच्या ताणासाठी 14416 या सरकारी हेल्पलाइन आहेत. सासूबाई "घरी जायचंय" म्हणतात तेव्हा "अहो हेच तुमचं घर" असा वाद घालू नका म्हणावं. त्यांना ते पटत नाही, उलट घाबरतात. "जाऊ या हं, आधी दूध पिऊ" एवढं पुरतं. संध्याकाळी हे वाढतं, तेव्हा घरात दिवे लवकर लावा.

---

आजी_जवाहरनगर:

बाळ, मीही गोरेगावचीच. वय 76. नातवाच्या फोनवर बोलून टाइप होतंय, चुका झाल्या तर त्याला दोष द्या.

तुम्ही सगळ्या फार सुशिक्षित बोलता. आता श्रावण आहे म्हणून मंगळागौरीचं सांगते. आमच्या वेळी जागर रात्रभर असायचा. फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सगळं होऊन दोन-अडीच वाजले की पाय थकायचे. सतरंजीवर जिथे जागा मिळेल तिथे आडव्या पडायच्या. दिवा बारीक केलेला. तेव्हा कोणी तरी अंधारात हळूच म्हणायची, मला परत जायचं नाही गं सासरी. तोंड दिसायचं नाही. तुझ्या भिंतीसारखंच बघ. सकाळी पोह्यांच्या वेळेला तो विषय कोणी काढायचं नाही. हल्ली मंगळागौर हॉल घेऊन संध्याकाळी सहा ते नऊ असते, सारख्या साड्या, व्हिडिओवाला, नऊला जेवण. छान दिसतं. झोप कोणालाच येत नाही तेवढ्यात.

1972 साली महागाईविरुद्ध आम्ही लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलो. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे, आम्ही मागे थाळ्या वाजवत. माझं लग्न नुकतं झालेलं. रॉकेल नाही, तेल नाही, साखर नाही. सासूबाईंनी स्वतः लाटणं हातात दिलं, म्हणाल्या जा, पण संध्याकाळच्या पोळ्यांना परत आण. त्या मोर्चाच्या रस्त्यावर शेजारची जे बोलली ते वर्षभर नळावर बोलली नव्हती.

माझे यजमान 2016 ला गेले. त्यानंतर आमच्या मजल्यावर तीन संक्रांती मला हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. चौथ्या वर्षी एका नव्या सुनेने बोलावलं, तिच्या सासूचा चेहरा मी अजून विसरले नाही. पुढे 2022 मध्ये हेरवाड गावाने ठराव केला ना, कोल्हापूर जिल्ह्यातलं, विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तेव्हा मी पेपरातलं कात्रण काढून लिफ्टमध्ये चिकटवलं. सेक्रेटरीने दुसऱ्या दिवशी काढलं. लिफ्टमध्ये नोटिशीशिवाय काही लावायचं नाही म्हणे. तुझ्या 31 जणींत माझ्यासारख्या किती होत्या, बघ एकदा आठवून.

आता खरं विचारते. कोणी फोडलं, शोधू का म्हणतेस. तू स्वतः कोणाला सांगितलं होतंस का?

---

जांभळं_टोपण:

आजी, तुमचा प्रश्न चार दिवस उघडून बंद करतेय.

हो. नवऱ्याला. त्याच रात्री, जेवताना. त्याने नुसतं विचारलं, "काय, आज लवकर उठल्या वाटतं तुमच्या बायका?" आणि मी सगळं सांगितलं. लॅबमध्ये नव्या मुलींना मी अर्धा अर्धा तास ऐकवते, रिपोर्ट पेशंटच्या बहिणीलाही दाखवायचा नाही म्हणून. 21 वर्षांत माझ्याकडून एक रिपोर्ट बाहेर गेलेला नाही. आणि हे असं सहज, वरणभातावर.

इथे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझ्या मनात दोन नावं होती. दोघींशी मी जूनपासून नीट बोलतही नव्हते. एकटा_टायगर यांचं वाचलं आणि पोटात खड्डा पडला. परवा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी वाईट काही बोललो नाही." मैदानात त्याने एवढंच सांगितलं होतं की चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचे पाय धरले पाहिजेत, इतकं सोसतात, परवा बिचाऱ्या म्हणाल्या की सुटाव्यात आता सासूबाई. ऐकणाऱ्यातल्या एकाची मेहुणी डोंबिवलीला, नणंदेच्याच भिशीत. (भिशीवाली ताई, तुमची नव्हे.) सगळे कौतुकानेच बोलत गेले. फक्त "आणि मीही" हे शब्द वाटेत कुठे तरी गळाले.

बरं, विधवा किती होत्या तेही आठवलं. एकही नव्हती. बिल्डिंगमध्ये सहा आहेत. मुद्दाम वगळल्या नव्हत्या, जुनी यादी समोर ठेवून फोन केले होते. म्हणजे यादीनेच वगळल्या.

काल चौथ्या मजल्यावर गेले. वहिनींनी आतलं दार उघडलं, जाळीचं नाही. तसंच जाळीतून सांगितलं की मी बोलले होते, माझ्या घरातून गेलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. "असू दे" वगैरे अजिबात नाही. मीही या खेपेला कुठे उठून गेले नाही, उभी राहिले. आतून सासूबाईंचा आवाज येत होता, कोण आलंय, कोण आलंय. मग वहिनींनी जाळी उघडली आणि म्हणाल्या, "मला बोलायचं नाहीये आता काही. शनिवारी दोन तास यांच्याजवळ कोणी बसेल का, तेवढं बघा."

---

भिशीवाली:

👍

---

पश्चिमरेल्वे_बाई:

त्या दोन नावांशी बोललात का?

---

जांभळं_टोपण:

एकीशी बोलले. दुसरीने लिफ्टमध्ये मला बघून "जिन्याने जाते" म्हटलं. नवव्या मजल्यावर राहते. तिला मी घरी जाऊन सांगणार आहे.

थोडक्यात काय झालं ते सांगून थांबते. चौथा शनिवार नाही, आता प्रत्येक शनिवारी चार ते सहा, एका वेळी दोघी, चौथ्या मजल्यावर. सात जणी तयार झाल्यात, त्यात मी संक्रांतीला न बोलावलेल्यांपैकी दोघी आहेत. एक म्हणाली, मला वाटलं तुमचं ते फक्त सवाष्णींचं आहे. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग तसं सांगायचं ना.

पहिल्या शनिवारी मी आणि तीच होतो. आजींच्या दोन्ही बाजूंना बसलो, तिघी खिडकीकडे तोंड करून. त्यांना मी त्यांची धाकटी बहीण वाटले. सारखं विचारत होत्या, दादर टीटीची ट्राम गेली का गं? मुंबईतली शेवटची ट्राम 1964 च्या मार्चमध्ये बंद झाली, तेव्हा या विशीत असतील. मी पहिल्यांदा चुकून "ट्राम कधीच बंद झाली" म्हटलं, तर इतक्या कावऱ्याबावऱ्या झाल्या की शेजारणीने त्यांचा हात धरला. मग समुपदेशक ताईंचं आठवलं.

मधल्या वेळात आम्ही दोघी बऱ्याच गोष्टी बोललो. त्या इथे लिहिणार नाही.

वहिनी सहाला पाच कमी असताना आल्या. कुठे गेल्या होत्या ते आम्ही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी नवव्या मजल्यावरची यायला तयार झाली तर तिचा नंबर आहे. तिला सांगून ठेवणार आहे, आजींनी विचारलं तर म्हणायचं, ट्राम अजून यायची आहे, बसा तुम्ही.